अपडेट आलं की लगेच ‘हो’ म्हणायचं का?

मी तुमच्यातलीच एक, बचत गटांचं काम बघणारी समन्वयिका. आज मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे. पण थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका. तूर निवडता निवडता ऐकता येईल असंच बोलणार आहे. विषय कॉम्प्युटरचा दिसत असला तरी आत गोष्ट आपल्या गटाच्या पैशांची आहे, आपल्या नोंदींची आहे.

आता बहुतेक प्रभागसंघांच्या कार्यालयात एक तरी कॉम्प्युटर आलेला आहे. गटांची माहिती, कर्जाचे प्रस्ताव, वसुली, सगळं हळूहळू त्यात जातंय. गावोगावी आपल्या कितीतरी जणी सेवा केंद्र चालवतात, बँक सखी म्हणून काम करतात. आणि ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांच्या हातात मोबाईल आहेच. या सगळ्या यंत्रांवर अधूनमधून एक चौकोन उगवतो. ‘अपडेट आलं आहे. आता करायचं का?’ आणि खाली बटण. आपण काय करतो? दाबतो. वाचत नाही, दाबतो. कधी कधी तर यंत्र विचारतही नाही, कारण ‘विचारू नको, तुझं तूच करत जा’ असं आपण किंवा दुकानदारानं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

अपडेट म्हणजे काय, तर डागडुजी. पावसाळ्याआधी आपण घरावर चढून कौलं चाळतो, पत्र्याची भोकं बुजवतो ना, तसं. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर माणसांनीच लिहिलेलं असतं आणि त्यात भोकं राहतात. चोर ती भोकं हुडकतात. मग कंपनी दुरुस्ती तयार करून इंटरनेटवरून आपल्या घरी पाठवते. म्हणजे अपडेट ही चांगली, गरजेची गोष्ट आहे. फक्त एक लक्षात ठेवा, डागडुजी करणारा माणूस छपरावर चढतो, आणि छपरावर चढलेल्याचा पाय कुठे पडेल ते सांगता येत नाही.

माझ्यावर आलेली गोष्ट सांगते. झाली दोन-तीन वर्षं. जूनचा पहिला आठवडा होता. अकरा गटांचे कर्ज प्रस्ताव तयार होते. ठराव, सदस्यांची माहिती, मागच्या कर्जाची परतफेड, सगळं टाईप करून ठेवलेलं. गुरुवारी सकाळी छापायचं आणि बँकेत द्यायचं. पेरणीच्या तोंडावर बायकांना पैसा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर चालवायला एक मुलगी आहे. बारावी झालेली, हुशार, पण तेव्हा नवीन होती. तिला कामावर घेतलं तेव्हा मीच तिला शिकवलं होतं, ‘मधे मधे काहीबाही विचारतं ते, घाबरू नको, येईल त्याला ओके करत जा.’ हे माझे शब्द. बुधवारी संध्याकाळी तिनं काम संपवलं, तेवढ्यात तो चौकोन आला. तिनं ओके केलं. पडद्यावर आकडे पळायला लागले, दहा टक्के, वीस टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. आणि लाईट गेली.

बॅटरीचा डबा, म्हणजे यूपीएस, होता. पण त्याची बॅटरी मेली होती. नवी घ्यायचा खर्च मासिक बैठकीत दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा मीच म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. निळा पडदा यायचा, बंद व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा निळा. मुलगी रडकुंडीला आली. आमच्या कोषाध्यक्ष काकू आल्या, त्या म्हणाल्या, “काय झालं वं याले?” मी म्हटलं, काही नाही, आत्ता होईल. पिशवीत घालून यंत्र तालुक्याला नेलं. दुकानातल्या मुलानं पाहिलं आणि विचारलं, “ताई, फॉरमॅट मारू का?” मी म्हटलं, “मार बाबा, पण लवकर दे.”

म्हणजे बघा, संध्याकाळी त्या पोरीनं न वाचता एक ‘हो’ म्हटलं आणि सकाळी मी न समजता दुसरं. तिचं ‘हो’ दुरुस्त होण्यासारखं होतं. माझं नव्हतं. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं, हे मला ऐकून माहीत होतं, पण घाईत डोक्यातच आलं नाही. नंतर एका जाणत्या माणसानं सांगितलं की अपडेट अर्धवट राहिलं तर बहुतेक वेळा आतल्या फाईली शाबूत असतात, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर त्या काढून घेता येतात. ते ऐकल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नाही.

दुसरी प्रत कुठेच नव्हती. सगळं त्याच एका डबड्यात.

वाचवलं कोणी? त्याच काकूंनी. चौथी शिकलेल्या. प्रत्येक गटाची लेखा वही, बैठकीचं इतिवृत्त, पासबुकं, सगळं रेक्झिनच्या पिशव्यांत गटवार बांधून त्यांच्या घरी फळीवर होतं. कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, आता या वह्यांची एवढी गरज नाही. त्यांनी ऐकलं नव्हतं. आम्ही चौघी-पाच जणी नऊ रात्री बसलो आणि वहीतून पुन्हा सगळं भरलं. काकू आकडे वाचायच्या, पोरगी टाईप करायची. मधेच काकू म्हणाल्या, “मी म्हणतच होती, लिहून ठेवलेलं असं एका रातीत पुसल्या जात नाही.” मी काय बोलणार!

पण प्रस्ताव तीन आठवडे लांबले. पाऊस काही बँकेसाठी थांबत नाही. आमच्यातल्या एकीनं बियाण्यासाठी शेकडा पाचनं बाहेरून पैसे उचलले. ती मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तुम्हाला वाटेल, खेड्यातल्या एका कार्यालयाची ही फजिती, शिकलेल्या मोठ्या लोकांचं असं होत नसेल. मलाही तसंच वाटायचं. मग १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आला. त्या दिवशी विमानतळांवर गोंधळ उडाल्याच्या बातम्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. मुंबईच्या विमानतळावर रांगाच रांगा, आणि इंडिगो कंपनीनं प्रवाशांना हातानं लिहून दिलेले बोर्डिंग पास. एसटीच्या कंडक्टरनं मशीन बिघडलं की जुनी तिकिटं काढावी ना, तशी गत. इंडिगोची एकट्याची जवळजवळ २०० उड्डाणं त्यात रद्द झाली. रिझर्व्ह बँकेनं नंतर सांगितलं की आपल्या देशातल्या दहा बँका आणि वित्तसंस्थांनाही त्याचा थोडाफार फटका बसला.

झालं काय होतं? क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकेतली एक कंपनी आहे. चोरांपासून कॉम्प्युटर सांभाळणं हाच तिचा धंदा. म्हणजे राखणदारच म्हणा. मोठमोठ्या कंपन्या तिचं सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर बसवतात आणि ती कंपनी इंटरनेटवरून त्यात नवी नवी माहिती आपोआप टाकत राहते. आज अमुक चोर आला आहे, असा दिसतो, लक्ष ठेव. त्या शुक्रवारी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिनं अशीच एक छोटी फाईल पाठवली. फाईल चुकीची होती. ती ज्या कॉम्प्युटरवर उतरली तो कोसळला. निळा पडदा, पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. अगदी आमच्या डबड्यासारखंच. मायक्रोसॉफ्टनं अंदाज दिला, ८५ लाख कॉम्प्युटर.

कंपनीला चूक कळली आणि ७८ मिनिटांत तिनं ती फाईल मागे घेतली. पण जो कॉम्प्युटर कोसळलाच, त्याच्यापर्यंत दुरुस्ती इंटरनेटवरून पोचणार कशी? तो सुरूच होत नाही! मग माणसं एकेका यंत्राजवळ गेली, ते विशेष पद्धतीनं उघडलं, ती फाईल हातानं पुसली. कितीतरी ठिकाणी दिवसचे दिवस हेच काम चाललं. आणि त्या ७८ मिनिटांत जे कॉम्प्युटर बंद होते, ते मात्र वाचले.

यातली एक गोष्ट मला फार लागली. अनेक कंपन्यांनी सावधगिरी ठेवलेली होती. राखणदार सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती लगेच घ्यायची नाही, एक पाऊल मागे राहायचं, असं त्यांनी ठरवलेलं होतं. पण ही छोटी फाईल त्या नियमात बसत नव्हती, ती सगळ्यांना सरसकट जात होती. आणि कंपनीनंही ती आधी थोड्या कॉम्प्युटरवर पाठवून पाहिली नाही, एकदम सगळीकडे सोडली. नंतर कंपनीनं जाहीर केलं की यापुढे टप्प्याटप्प्यानं पाठवू आणि कधी घ्यायचं ते ठरवायची मुभा गिऱ्हाइकाला देऊ.

मला सांगा, आपण सोयाबीनची पिशवी आणली की थेट पेरतो का? घरचं बियाणं असेल तर त्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवडाभरानं उघडून किती उगवले ते बघतो. ७० उगवले तर पेरायचं. एवढी साधी गोष्ट. आपल्या शेतात एखादी बाई करते ती चाचणी, ती करोडोंच्या कंपनीनं केली नाही आणि तिच्या गिऱ्हाइकांनी मागितली नाही.

ही झाली चूक. आता मुद्दाम केलेल्याची गोष्ट ऐका. ही आपल्या महाराष्ट्रापर्यंत आलेली आहे. उरणजवळ न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर आहे. मोठमोठ्या पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, तिथून माल परदेशी जातो आणि येतो. २७ जून २०१७ ला तिथल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. कोणती पेटी कुठे आहे, कोणत्या जहाजात चढवायची, हा हिशेब कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटर बंद. ते टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं आणि मर्स्कचे जगभरातले कॉम्प्युटर त्या दिवशी एका पाठोपाठ एक काळे पडत गेले होते.

सुरुवात कुठे झाली? युक्रेन देशात. तिथे एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं आणि करभरणीचं सॉफ्टवेअर खूप जण वापरायचे. आपल्याकडे दुकानदार टॅली वापरतात ना, तसलं. हल्लेखोर त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या यंत्रणेत गुपचूप घुसले आणि त्यांनी अपडेटमध्येच विष कालवलं. लोकांनी नेहमीसारखं अपडेट घेतलं. खऱ्या कंपनीकडून, खऱ्या वाटेनं आलेलं. दूधवाला ओळखीचा, वेळ रोजची, भांडंही तेच, पण कोणीतरी वाटेत दुधात काही टाकलेलं. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयात ते सॉफ्टवेअर होतं. तिथून ते त्यांच्या जाळ्यातून पसरत पसरत न्हावाशेव्यापर्यंत आलं.

मर्स्कला पुढे दहा दिवसांत ४५ हजार कॉम्प्युटरवर सगळं नव्यानं बसवावं लागलं. आणि यातली गंमत ऐका. त्यांच्या सगळ्या जाळ्याची जी मूळ नोंदवही म्हणता येईल, तिच्या प्रती जगभर अनेक ठिकाणी होत्या, पण त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे सगळ्याच पुसल्या गेल्या. एक सोडून. आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयातली प्रत वाचली, कारण हल्ला आला तेव्हा तिथली लाईट गेलेली होती! जोडणी तुटली, म्हणून ती प्रत शिल्लक राहिली. मग ती माणसाच्या हाती विमानानं इंग्लंडला पोचवली. आमची लाईट गेली आणि आमचं बुडालं, त्यांची लाईट गेली आणि त्यांचं तरलं. पण दोन्हीकडे उपयोगी पडलं ते एकच. मुख्य यंत्रापासून तोडून, वेगळी ठेवलेली प्रत. घानामधली ती प्रत आणि आमच्या काकूंच्या रेक्झिनच्या पिशव्या यांत मला काही फरक दिसत नाही.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर तुम्ही घरी जाऊन सगळं अपडेट बंद करून टाकाल. कारण मी तेच केलं होतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, मी तर ताक प्यायचंच सोडलं. त्या पोरीला सांगितलं, ‘आता काहीही आलं तरी नाही म्हण.’ सात-आठ महिने आमच्या कॉम्प्युटरनं एक अपडेट घेतलं नाही. मी निवांत होते. पुढे एका प्रशिक्षणात हे अभिमानानं सांगितलं तर शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, “म्हणजे आठ महिने तुमच्या घराचं दार उघडं आहे.”

त्यांनीच मग सांगितलं. २०१७ मध्येच, मे महिन्याच्या १२ तारखेला, वॉनाक्राय नावाचा हल्ला झाला. दीडशेच्या आसपास देशांत लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, फाईली परत हव्या असतील तर पैसे द्या म्हणून पडद्यावर चिठ्ठी. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्या देशात, आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही कॉम्प्युटरही सापडले. आणि ज्या भोकातून हा चोर शिरला ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला, म्हणजे दोन महिने आधीच दिलेलं होतं! ज्यांनी ते घेतलं ते वाचले. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं किंवा ज्यांचे कॉम्प्युटर इतके जुने होते की त्यांना दुरुस्ती मिळणंच बंद झालं होतं, ते बुडाले.

जुन्यावरून आठवलं. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आपल्या अनेक कार्यालयांत तेच आहे. तुमचं कोणतं आहे ते एकदा विचारून घ्या. आणि दुकानातून स्वस्तात नकली विंडोज टाकून घेतलेलं असेल तर त्यात बऱ्याचदा अपडेट मुद्दाम बंद करून ठेवलेलं असतं. तेही विचारा. दुकानदार हसला तरी विचारा.

म्हणजे डोळे मिटून ‘हो’ म्हणणं वाईट आणि डोळे मिटून ‘नाही’ म्हणणं त्याहून वाईट. दोन्हीत डोळे मिटलेलेच. मला खरं तर कॉम्प्युटरपेक्षा या डोळे मिटण्याबद्दल बोलायचं आहे. आपल्याला ‘हो’ म्हणायची सवय लावलेली आहे, बायांनो. इथे सही करा, केली. इथे अंगठा द्या, दिला. कर्ज वाटणारे दारात यायचे, पाच कागद पुढे करायचे, आपण फुल्या मारल्या तिथे सह्या करायचो. गटात आल्यावर आपण काय शिकलो? ठराव आधी वाचून दाखवायचा. काय, किती, कोणासाठी ते सगळ्यांना कळलं पाहिजे. मग सही, आणि तीही एकटीची नाही. बँकेतून पाच हजार काढायचे तर दोघींच्या सह्या, मग सगळ्या गटाची माहिती ज्या यंत्रात आहे त्याच्यात परक्या माणसाला शिरू द्यायचं, ते एकीच्या एका बोटावर?

म्हणून आम्ही आता अपडेटसाठी एक वही केली आहे. साधी शंभर पानी. चौकोन आला की मुलगी आधी तारीख आणि काय आलं ते लिहिते. मग थांबते. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज अपडेट’ म्हणून जागा आहे, तिथे ‘पॉज’ असं बटण असतं. एक आठवडा थांब, दोन आठवडे थांब, असं सांगता येतं, पाच आठवड्यांपर्यंत. आम्ही शक्यतो एकच आठवडा थांबतो. तेवढ्यात अपडेटमध्ये काही मोठी खोट असली तर बोंब होते, कंपनी ते मागे घेते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं होतं, त्यानं काही लोकांच्या फाईलीच पुसल्या. मायक्रोसॉफ्टनं चार दिवसांत ते थांबवलं. जे चार दिवस थांबले त्यांना कळलंही नाही.

पण महिना-महिना थांबायचं नाही हं. कोणी विचारलं की ‘सध्या हे भोक चोर वापरत आहेत’ अशी बातमी असेल तर काय करायचं, तर लगेच घ्यायचं. प्रत काढायची आणि लगेच घ्यायचं. थांबणं हे सोयीसाठी आहे, आळसासाठी नाही.

प्रत काढणं, म्हणजे बॅकअप. यावर मी कोणाचं ऐकून घेत नाही. आमच्याकडे दोन आहेत, एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणि एक पेन ड्राईव्ह. दर शनिवारी एकावर, आणि अपडेटच्या आधी दुसऱ्यावर. काम झालं की दोन्ही कॉम्प्युटरपासून काढून ठेवायच्या. जोडलेल्या ठेवल्या तर कुलूप घालणारा चोर त्यांनाही कुलूप घालतो, मर्स्कच्या त्या प्रतींसारखं होतं. हार्ड डिस्क काकूंच्या फळीवर असते, पिशव्यांच्या शेजारी. आणि प्रत काढली म्हणून खुश व्हायचं नाही, ती महिन्यातून एकदा उघडून बघायची. आमची पहिली पेन ड्राईव्ह आठ आठवडे भरत होतो आणि ती कोरीच होती, हे उघडल्यावर कळलं.

मग वेळ. बँकेत फाईल द्यायची असेल, ऑनलाईन माहिती भरायची शेवटची तारीख असेल, मार्चअखेर असेल, त्या आठवड्यात आम्ही अपडेटला हात लावत नाही. आणि लाईटचा भरवसा आपल्याला माहीत आहेच. सकाळी, यूपीएसची बॅटरी भरलेली असताना करायचं. हो, ती बॅटरी घेतली बरं का. दोन कॉम्प्युटर असतील तर एकावर आधी करायचं, प्रिंटर चालतो का, मराठी अक्षरं नीट उमटतात का, बोटाचा ठसा घेणारं यंत्र ओळखतं का ते बघायचं आणि मग दुसऱ्यावर. सेवा केंद्र चालवणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर करावं. एका सकाळी ठसायंत्र रुसलं तर दारात पेन्शनवाल्या आज्या तीन तास बसून राहतात.

आता मोबाईलचं, कारण ते सगळ्यांचं आहे. मोबाईलवर खऱ्या अपडेटपेक्षा खोट्या अपडेटची भीती जास्त. व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. कधी पीएम किसानच्या नावानं, कधी बँकेचं केवायसी अपडेट करा म्हणून, कधी गाडीचं चलान म्हणून. नावाच्या शेवटी एपीके असतं. ती दाबली की मोबाईल विचारतो, हे बसवू का? आपण सवयीनं हो. मग विचारतो, मेसेज वाचू देऊ का? हो. झालं! बँकेचा ओटीपी आता तुमच्याआधी तो वाचतो. पाठवणारा ओळखीचा असला तरी फसू नका, कारण ज्याचा मोबाईल आधी फसला त्याच्याकडूनच ती फाईल पुढे आपोआप जाते. खरं अपडेट येतं ते प्ले स्टोअरमधून किंवा मोबाईलच्या स्वतःच्या सेटिंगमधून. व्हॉट्सॲपवर, मेसेजच्या लिंकवर कोणतीही बँक आणि कोणतंही सरकारी खातं अपडेट पाठवत नाही. प्ले स्टोअरमधली ॲप आपोआप अपडेट होऊ द्यायला माझी हरकत नाही, मोबाईलमध्ये तेच बरं. बाहेरून आलेल्याला मात्र दारातच उभं करायचं.

आणि दाबलंच चुकून, तर लाजू नका, लपवू नका. आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या नंबरवर फोन करा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर सांगाल तितकी ते अडवायची शक्यता जास्त. नवरा रागावेल म्हणून एक बाई दोन दिवस गप्प राहिली. ते दोन दिवस चोराला पुरले.

मागच्या महिन्याचं सांगते आणि थांबते. बुधवारी सकाळी फोन आला, “ताई, ते आलं वं.” म्हटलं, शुक्रवारी काय आहे? म्हणाली, सहा गटांचे प्रस्ताव. मग? “मग मी पॉज केलं ना, तुम्हाला नुसतं सांगायला फोन केला.” प्रस्ताव वेळेत गेले. पुढच्या बुधवारी तिनं प्रत काढली, अपडेट घेतलं आणि प्रिंटर बंद! तासभर खटपट केली, शेवटी ते अपडेट सेटिंगमधून काढून टाकता येतं हे तिनंच शोधलं, तसं काढलं, प्रिंटर चालू झाला. चार दिवसांनी पुन्हा घातलं, तेव्हा चाललं. वहीत तिनं हे सगळं लिहिलं आहे आणि खाली काकूंची सही घेतली आहे. काकूंनी सही करायच्या आधी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं म्हणे.